पिकांवरील कोळी व वनस्पतिजन्य औषधे

होळी होऊन गेली की उन्हाळी भेंडी व वांगी ह्यांच्या मळ्यांतून एक तक्रार ठराविकपणे ऐकू येऊ लागते. पाणी वेळेवर दिले, खतही दिले, तरी पाने फिकी पडली. त्यांवर पांढरट बारीक ठिपके आले, पुढे ती पिवळी व नंतर तांबूस होऊन वाळू लागली. जमिनीत काही कमी पडले असावे अशा समजुतीने पुष्कळ शेतकरी ह्या वेळी युरियाचा आणखी एक हप्ता देतात आणि उपद्रव उलट वाढतो. पान उलटून पाहिले तर खरे कारण लगेच ध्यानात येते. पानाच्या खालच्या अंगास, शिरांच्या बगलेत, खसखशीच्या दाण्याहूनही लहान असे तांबूस वा हिरवट-पिवळे ठिपके हळूहळू सरकताना दिसतात आणि त्यांवर कोळिष्टकासारखे तलम जाळे पसरलेले असते. हीच कोळी नावाची कीड होय.

भेंडीची तोडणी दिवसाआड करावी लागते. रासायनिक औषधाच्या वेष्टनावर फवारणी व तोडणी ह्यांमध्ये जितके दिवस जाऊ द्यावेत असे छापलेले असते, तितके दिवस थांबावयाचे म्हटल्यास मधल्या दोन-तीन तोडण्यांचा माल टाकून द्यावा लागतो. तसे सहसा कोणी करीत नाही. आज फवारलेली भेंडी परवा आठवड्याच्या बाजारात जाते, आणि त्यातली मूठभर आपल्या घरच्या चुलीवरही चढते. कोळ्यांच्या बंदोबस्तासाठी वनस्पतिजन्य औषधांचा विचार प्रथम करावयाचा तो ह्या कारणासाठी. मात्र ही औषधे वापरून पाहिली व गुण आला नाही, असे सांगणारे शेतकरीही थोडे नाहीत. त्यांचे म्हणणे खोटे नसते. पाने वाळू लागल्यावर, दुपारच्या उन्हात, पानांच्या वरच्या बाजूवर एकदाच मारलेल्या निंबोळी अर्काने कोळी जात नाहीत. ते का जात नाहीत हे समजून घेतल्यास औषध केव्हा व कसे मारावयाचे हे सांगण्याची फारशी गरज उरत नाही.

कोळ्यांचा जीवनक्रम

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, तर पूर्ण वाढलेल्या लाल कोळ्याला आठ. जाळी विणणारा मोठा कोळी व विंचू ह्यांच्या गोत्रातला हा जीव आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. कीटकांसाठी बनविलेली बरीच औषधे कोळ्यांवर मुळीच चालत नाहीत, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. भाजीपाल्यावर आढळणाऱ्या कोळ्याची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. मादी पानाच्या खालच्या बाजूस गोल, पारदर्शक अंडी एकेक करून घालते. आपल्या आयुष्यात ती सुमारे शंभर अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात. एकदा कात टाकल्यावर त्याला आठ पाय येतात. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतची वाढ आठ ते बारा दिवसांत पुरी होते. शिवाय नराशी संयोग न झालेली मादीसुद्धा अंडी घालते. त्यांतून केवळ नर निपजतात. म्हणजे एखादीच मादी वाऱ्याने मळ्यात येऊन पडली तरी तिच्यापासून वंश उभा राहू शकतो.

कोळी पानाच्या पेशींत सुईसारखे मुखावयव खुपसून आतील हरितद्रव्यासह रस शोषतात. प्रत्येक रिकाम्या पेशीचा एक पांढरा ठिपका वरच्या बाजूस दिसतो. उष्ण व कोरडी हवा त्यांना फार मानवते. गाडीरस्त्याच्या कडेच्या, धुळीने माखलेल्या ओळींवर ते आधी दिसतात. पाण्याचा ताण पडलेल्या व नत्र अधिक झालेल्या पिकावर त्यांची संख्या झपाट्याने वाढते. वळवाचे दोन-चार चांगले पाऊस पडले की ती आपोआप ओसरते.

उपद्रव बळावण्याचे एक कारण

कोळी हे पूर्वीही होते, परंतु मोठी कीड म्हणून त्यांची गणना नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.चा वापर सुरू झाला, तेव्हा निरनिराळ्या देशांतील फळबागांत असा अनुभव आला की ज्या किडीसाठी फवारा मारला ती मेली, पण कोळी मात्र पूर्वी कधी नव्हते इतके वाढले. कोळ्यांना खाणारे जीव त्या औषधाने मेले होते आणि कोळी बचावले होते. भारतात डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला. परंतु आज शेंडा पोखरणाऱ्या अळीसाठी वांग्यावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांचे वरचेवर फवारे दिले जातात, त्यांचाही परिणाम तोच होतो. वांग्याच्या ज्या मळ्यात दर आठवड्याला फवारा चालतो त्याच मळ्यात कोळी अधिक, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

हे उपकारक जीव ओळखण्याजोगे आहेत. दहापट मोठे दाखविणारे भिंग कृषी साहित्याच्या वा चष्म्याच्या दुकानात मिळते, ते जवळ बाळगावे. पानावर जो ठिपका मंदपणे सरकतो किंवा जागीच बसलेला असतो तो पीक खाणारा कोळी; जो नासपतीच्या आकाराचा, तकतकीत, फिकट रंगाचा ठिपका भराभर धावत सुटतो तो परभक्षी कोळी, म्हणजे आपला मित्र. दीड मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, काळा, अर्धगोल असा एक लहान भुंगेरा, स्टेथोरस, हाही कोळ्यांवरच जगतो. वीस पाने पाहून त्यांत असे मित्र बऱ्यापैकी आढळले व जाळे धरलेले नसेल, तर चार दिवस वाट पाहण्यास हरकत नाही. ह्या मित्रांना वाचवून औषध मारता येणे हाच वनस्पतिजन्य औषधांचा मोठा लाभ आहे. तेल अंगावर पडले तर परभक्षी कोळीही मरतो, हे खरे. पण ह्या औषधांचा अंश पानावर फार दिवस टिकत नाही; त्यामुळे बाहेरून आलेले वा बचावलेले मित्र पुन्हा कामास लागतात.

कडुनिंब

धान्यात निंबाचा पाला घालण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. उभ्या पिकावरील त्याच्या उपयोगाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष विशेष वेधले ते १९६२ साली. दिल्लीकडे टोळधाड आली असता भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवाणी व राय ह्यांनी निंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून पिकावर फवारली. टोळ पिकावर उतरले, परंतु त्यांनी ते खाल्ले नाही. पुढे १९६८ साली इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ व मॉर्गन ह्यांनी निंबोळीतून टोळांची भूक मारणारे द्रव्य वेगळे केले. ते अझाडिरॅक्टिन होय. बाजारी निंबौषधांच्या बाटलीवर जो ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असा आकडा असतो तो ह्याच द्रव्याचे प्रमाण सांगतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळांची निराशा येथेच होते. अझाडिरॅक्टिनचा प्रभाव अळ्या व टोळ ह्यांवर जितका पडतो तितका कोळ्यांवर पडत नाही. कोळ्यांच्या बाबतीत निंबोळीच्या तेलाचे काम मोठे असते. तेलाचा पातळ थर अंगावर बसला की कोळ्याचा श्वास कोंडतो. तेल लागलेल्या पानावर बसण्यास व अंडी घालण्यास मादी नाखूष असते. पिलांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. म्हणून कोळ्यांसाठी केवळ आकडा मोठा पाहून महाग बाटली घेण्यात अर्थ नाही. तेलयुक्त औषध, किंवा घरी केलेला मगजाचा ताजा अर्क, अधिक उपयोगी पडतो. निंबाच्या पाल्यात हे गुण बीच्या मानाने फारच कमी असतात. दहा प्रकारचा पाला कुजवून केलेला दशपर्णी अर्क कित्येक शेतकरी श्रद्धेने वापरतात. त्यात अपाय नाही, पण त्याची शक्ती प्रत्येक पिंपात निराळी असते, आणि कोळी वाढू लागले असता अशा अनिश्चित औषधावर विसंबणे आम्हांस योग्य वाटत नाही.

पाच टक्के अर्क करण्याची रीत

निंबोळ्या पिकून गळतात तो काळ उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा. झाडाखालची जागा आधी झाडून घ्यावी म्हणजे जुन्या, बुरसलेल्या निंबोळ्या मिसळत नाहीत. वेचलेल्या निंबोळ्यांचा गर पाण्यात चोळून काढावा, बिया सावलीत पसरून खडखडीत वाळवाव्यात आणि गोणपाटाच्या पोत्यात अगर मडक्यात हवेशीर ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट बी ठेवल्यास तिला बुरशी येते व औषधी गुण नाहीसा होतो. वर्षापूर्वीचे बी वापरू नये.

फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो बी कुटून भरड पूड करावी. पीठ करू नये. पीठ झाल्यास तेल सुटून लगदा होतो व गाळणे कठीण जाते. पूड फडक्यात सैल बांधून ९ ते १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी पुरचुंडी पाण्यातच वारंवार पिळावी, पाणी दुधासारखे पांढरे होईपर्यंत. तेच फडके आणखी थोड्या पाण्यात पुन्हा पिळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साध्या साबणाचा चुरा विरघळवून तो अर्कात मिसळावा, सर्व द्रव वस्त्रगाळ करावा आणि पाणी घालून १०० लिटर भरावा. हा पाच टक्के अर्क झाला. तो त्याच दिवशी संपवावा. राहिलेला अर्क दुसऱ्या दिवशी मारण्यात मजुरी तेवढी खर्ची पडते.

साबणाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे जरूर आहे. देशावरील पुष्कळ विहिरींचे पाणी जड आहे. अशा पाण्यात साबण फाटतो, फेसाऐवजी पांढऱ्या गुठळ्या होतात, आणि तेल पाण्यात मिसळण्याऐवजी वर तरंगते. त्यामुळे पंपातील पहिल्या पाण्यात निव्वळ पाणी व शेवटच्या पाण्यात निव्वळ तेल, असा प्रकार होऊन शेवटच्या ओळी करपतात. परीक्षा सोपी आहे: तयार द्रव काचेच्या बाटलीत भरून पाव तास ठेवावा, वर तेलाचे वर्तुळ आले तर ते पाणी बदलावे, साठविलेले पावसाचे किंवा गोडे पाणी घ्यावे. धुण्याचा सोडा वा सोडायुक्त पावडर ह्यांचा उपयोग करू नये, कारण क्षारामुळे अझाडिरॅक्टिन लवकर नष्ट होते.

निंबोळी तेल व करंज तेल

तयार तेल मिळत असेल तर भाजीपाल्यावर लिटरमागे ५ मिलिलिटर, म्हणजे १५ लिटरच्या पंपास ७५ मिलिलिटर, हे प्रमाण आरंभी धरावे. तेल आधी साबणाच्या दाट पाण्यात घोटून दुधाळ करावे, मग थोडे थोडे पाणी घालीत जावे. प्रमाण दुप्पट केल्याने गुण दुप्पट येत नाही. कोवळी पाने मात्र भाजतात. म्हणून नव्या वाणावर प्रथम दहा झाडांवर मारून दोन दिवस पाहावे. करंजाचे तेल ह्याच प्रमाणात, एकटे किंवा निंबोळी तेलाशी मिसळून, वापरता येते आणि कोळ्यांवर त्याचा गुण चांगला आहे. मात्र तळे, ओढा किंवा मासे सोडलेले शेततळे जवळ असल्यास उरलेला द्रव व पंपाचे धुवण त्यात जाऊ देऊ नये. करंज माशांना घातक आहे.

गंधक हे कोळ्यांवरील जुने व चांगले औषध आहे, पण ते खनिज आहे, वनस्पतिजन्य नव्हे. ज्या पिकावर गंधक मारले आहे त्यावर किमान दोन-तीन आठवडे तेलाचा फवारा देऊ नये, व तेलानंतर तितकेच दिवस गंधक मारू नये. दोन्ही एकत्र आल्यास पाने जळतात. वेलवर्गीय भाज्यांच्या बाबतीत ही काळजी दुपटीने घ्यावी, कारण त्यांना नुसते गंधकही सोसत नाही.

फवारा कसा द्यावा

कोळी पानाखाली असतात. तेव्हा औषध पानाखाली गेले पाहिजे, ही बाब बोलावयास सोपी व करावयास कठीण आहे. पंपाची नळी खाली धरून नोझल वर वळवावे व झाडाच्या बुडापासून शेंड्याकडे न्यावे. पूर्ण वाढलेल्या भेंडीला एकरी सुमारे २०० लिटर द्रव लागतो. चार पंपांत एकर आटोपणाऱ्या मजुराने पानांच्या वरच्या बाजूच भिजविल्या आहेत असे खुशाल समजावे. फवारा ऊन उतरल्यावर द्यावा. उन्हाने अझाडिरॅक्टिन लवकर विघटते, तापलेल्या पानावर तेल लागून डाग पडतात, आणि सायंकाळी फुलांवर मधमाश्याही नसतात.

अंड्यांवर ह्या औषधांचा परिणाम कमी होतो, आणि उन्हाळ्यात अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात. म्हणून पहिल्या फवाऱ्यानंतर पाच ते सात दिवसांनी दुसरा दिलाच पाहिजे. पहिल्या फवाऱ्याने बरे वाटले म्हणून दुसरा टाळणारा शेतकरी पंधरा दिवसांनी पुन्हा आरंभीच्याच जागी येतो. आठवड्यातून दोनदा वीस पाने उलटून पाहावीत व बांधाकडील ओळींवर ठिपके दिसू लागताच आरंभ करावा. तेव्हा औषध फक्त त्या ओळींना व लगतच्या चार ओळींना पुरते. फवाऱ्याच्या आदल्या दिवशी साध्या पाण्याचा जोरदार फवारा पानाखाली मारल्यास जाळी व धूळ धुऊन जाते, हा उपाय बिनखर्ची आहे.

मिरचीवरील कोळी निराळा आहे. तो पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असून जाळे विणीत नाही व शेंड्यातील कोवळ्या पानांत राहतो. त्याने पानांच्या कडा खाली वळतात व देठ लांबतात. फुलकिड्यांनी त्या वर वळतात. दोहोंसही शेतकरी चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात, परंतु फवारा मारण्यापूर्वी भेद पाहून घ्यावा. येथे सर्व झाड भिजविण्यापेक्षा शेंडे नीट भिजविण्यास महत्त्व आहे.

इतर वनस्पती

लसूण हा निंबोळी तेलाचा चांगला सोबती आहे. त्याचा उपयोग नारळाच्या संदर्भात पुढे येईल. सीताफळाच्या बियांचा अर्क तीव्र आहे, पण त्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळास गंभीर इजा होते. घरात लहान मुले असताना ती पाट्यावर वाटणे धोक्याचे आहे. आम्ही त्याची शिफारस करीत नाही. तंबाखूच्या काढ्याचीही करीत नाही. त्यातील निकोटीन माणसाच्या कातडीतून शरीरात शिरते, निकोटीन सल्फेट ह्या औषधाच्या वापरावर आपल्या देशात बंदी आहे, आणि तंबाखूच्या पानांतून मिरची, टोमॅटो ह्यांसारख्या पिकांत मोझॅक रोगाचा विषाणू जाण्याचा संभव असतो. झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी ही समजूत चुकीची आहे. निंबोळी तेलसुद्धा लहान मुलाच्या पोटात गेल्यास विषारी ठरते. त्याची बाटली खाद्यतेलाच्या फळीवर ठेवू नये.

नारळावरील कोळी

कोकणातील बागायतदारांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. नारळाच्या फळावर राहणारा कोळी मेक्सिकोतील गुएरेरो प्रांतातील नमुन्यांवरून १९६५ साली प्रथम वर्णिला गेला. भारतात तो १९९८ साली केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला आणि तेथून पश्चिम किनाऱ्याने वर सरकत गोवा व कोकणातील माडांवर आला. हा कोळी अळीसारखा लांबट, पाव मिलिमीटरच्या आसपास असून त्याला चारच पाय असतात. कोवळ्या फळाच्या देठाशी पाकळ्यांची जी टोपी असते तिच्याखाली तो हजारोंच्या संख्येने राहतो. टोपीच्या कडेला प्रथम पांढरट, त्रिकोणी डाग दिसतो; फळ वाढते तसा तो तपकिरी होऊन चिरा पडतात, कधी डिंक पाझरतो. कोवळी फळे गळतात, राहतात ती लहान व वाकडी होतात, आणि सोडण इतके घट्ट बसते की सोलणारा गडी कंटाळतो.

टोपीखाली औषध शिरत नाही, ही खरी अडचण. एका फळावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी कोळी बाहेर पडतात तेव्हाच ते औषधाच्या तावडीत सापडतात. म्हणून एका फवाऱ्याची अपेक्षा धरू नये. दोन टक्के निंबोळी तेल व लसूण ह्यांचे मिश्रण ह्यासाठी सुचविलेले आहे: १० लिटर पाण्यास २०० मिलिलिटर निंबोळी तेल, २०० ग्रॅम लसणाचा वाटून गाळलेला रस व ५० ग्रॅम साबण. नारळाच्या फळाची साल भेंडीच्या पानासारखी नाजूक नसल्याने येथे तेलाचे प्रमाण अधिक चालते. दोन ते पाच महिने वयाच्या फळांचे घड, विशेषतः टोपीचा भाग, हातपंपाने नीट भिजवावेत. नुकत्याच उमललेल्या फुलोऱ्यावर द्रव उडू देऊ नये, त्याने परागीकरणास येणाऱ्या मधमाश्यांना अपाय होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशा वर्षातून तीन फवारण्या द्याव्यात.

उंच माडावर चढणारा गडी मिळणे दिवसेंदिवस कठीण झाले आहे. अशा बागेत मुळावाटे औषध देता येते. बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर माती उकरून पेन्सिलीएवढे जाड, तांबूस, जिवंत मूळ शोधावे. त्याचे टोक धारदार चाकूने तिरपे कापावे आणि १०,००० पीपीएमचे निंबौषध १० मिलिलिटर व तितकेच पाणी भरलेल्या लहान पिशवीत ते बुडवून पिशवी दोऱ्याने घट्ट बांधावी. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी न दिसल्यास ते मूळ मेलेले समजून दुसरे निवडावे. औषध देण्यापूर्वी तयार नारळ व शहाळी उतरवून घ्यावीत आणि पुढील ४५ दिवस त्या माडाचे फळ काढू नये.

गुण न आल्यास

वर सांगितल्याप्रमाणे दोन फवारे देऊनही भाजीपाल्यावर कोळी वाढतच राहिले, जाळ्यांनी शेंडे बांधले जाऊ लागले, तर वनस्पतिजन्य औषधांची वेळ गेली असे समजावे. अशा वेळी त्या पिकासाठी नोंदलेले कोळीनाशक वेष्टनावरील प्रमाणात वापरावे व तोडणी तितके दिवस थांबवावी. एकच द्रव्य लागोपाठ मारू नये. औषध पचविण्यात कोळ्यांचा हात धरणारी कीड क्वचितच सापडेल. जुन्या पुस्तिकांत ह्या कामासाठी डायकोफॉलचे नाव आढळते. डी.डी.टी.पासून बनविले जाणारे हे औषध २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत निर्मूलनासाठी घालण्यात आले, व २०२३ साली भारत सरकारनेही त्यावर बंदीचा आदेश काढला. घरात एखादी जुनी बाटली राहिली असल्यास ती वापरात आणू नये. जी झाडे जाळ्याने पुरती वेढली आहेत ती उपटून जागच्या जागी पोत्यात भरावीत, पोत्याचे तोंड बांधूनच मळ्याबाहेर न्यावीत आणि खड्ड्यात पुरावीत. उपटलेले झाड ओळींमधून ओढीत नेल्यास वाळणाऱ्या पानांवरील कोळी वाटेतल्या प्रत्येक हिरव्या पानावर उतरतात.